पाठीकडचं माप

नकाशात आमचं शहर लॉड्झ असं छापतात, आम्ही म्हणतो वुच.
गिरण्या बंद पडल्या तेव्हा मी एक मशीन घरी आणलं,
लोखंडी, सोळा किलोचं.
अठ्ठावीस वर्षांनी तेच उचलताना
पाठीत काहीतरी टचकन गेलं.
आवाज ओळखीचा : दोरा दातांनी तोडावा तसा.
मी आधी खाली पाहिलं,
कुठली शिवण उसवली म्हणून.

फोटोत तीन मणके.
चौकोनी असायला हवेत, डॉक्टर कलिना म्हणाली,
तुमचे पुढून दबून पाचरीसारखे झालेत.
पाचर मला कळते. झग्याचा घेर वाढवायला कळी लावतात, तशी.
फक्त ही घेर वाढवत नाही,
माणूस पुढे ओढते.
आणि घनतेचा आकडा : उणे चार पूर्णांक एक.
मी म्हटलं, आमच्याकडे उणे चार म्हणजे
मार्चमधली बरी सकाळ.
ती हसली नाही.

मग नियम.
कमरेतून वाकायचं, पाठीतून नाही.
शिंक आली की भिंत धरायची.
उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हातांवर,
जणू मीच माझ्या अंगावरून
ठाणभर कापड उलगडतेय.
तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही.
बटाटेवाला व्हाव्झिनेत्स आता पिशवी दारात ठेवतो,
आणि नजर माझ्या डोक्याच्या जरा वर ठेवतो,
मी पूर्वी जिथे असायचे तिथे.

फ्रिजमध्ये बीटच्या आंबलेल्या रसाशेजारी
इंजेक्शनचं पेन.
रोज एक, पोटात, चोवीस महिने.
पन्नास वर्षं सुई धरली हातात,
पण समोरचं कापड मी कधी नव्हते.
पहिल्या दिवशी हात थरथरला. मला. सुईला.
टोचल्यावर खोली थोडी फिरते,
पलंगाच्या कडेला बसून राहायचं
ती परत जागेवर येईपर्यंत.
रात्री पोटरीत गोळे येतात.
आत म्हणे नवं हाड धरतंय.
मी कान देते. काही ऐकू येत नाही.

कापड धुतल्यावर आटतं.
मी नऊ सेंटीमीटर आटले, न धुता.
हिवाळ्याचा कोट पुढून पोटऱ्यांवर लोळतो,
मागून वर चढतो,
आणि थंडी बरोबर तिथूनच शिरते.

म्हणून ओटिलियाकडे गेले.
मीच शिकवलेली. टेप अजून तशीच गळ्यात टाकते,
टाचण्या अजून ओठांत.
तिने मला आरशाकडे पाठ करून उभं केलं,
मानेपासून कमरेपर्यंत माप घेतलं,
थांबली, पुन्हा घेतलं,
आणि म्हणाली :
जुनं कापड आहे हो, पुढून ओघळलंय.

हे वाक्य माझं आहे.
दुकानात म्हाताऱ्या बायका यायच्या, पुढे झुकलेल्या,
मी गुपचूप पाठीला चार बोटं कापड जोडायची,
पुढून तेवढंच काढायची,
आणि दोष कोटावर ढकलायची.
पोरीला म्हटलं होतं,
आकडा वहीत लिही, तोंडाने बोलू नकोस.
त्या बायकांपैकी एकीनेही
मला कधी उलट विचारलं नाही.
आता कळतंय, त्यांना ठाऊक होतं.

कापडाला काही झालेलं नाही, ओटिलिया, मी म्हटलं,
मोठ्याने वाच.
तिने टाचण्या काढल्या ओठांतून, एकेक,
आणि वाचला.
खिडकीबाहेर ट्राम गेली, काच हलली.
आकडा होता तेवढाच राहिला.

दोन वर्षांनी घनता पुन्हा मोजणार आहेत.
उंची परत येत नाही, डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय,
आणखी जाऊ नये एवढ्यासाठीच हे सगळं.
मला मान्य आहे.
तरी खडू उचलताना तिला म्हटलं,
माप आहे तेच धर,
शिवणीत मात्र माया सोड.
किती, तिने विचारलं.

तूच ठरव, म्हटलं.
तुझा हात मला माहीत आहे.