डावीकडचं फाटक

कुंपणाला कोपर टेकून आम्ही पाच जण,
दरवर्षी त्याच जागी,
पाण्याच्या अडथळ्यासमोर, चहाच्या गाडीपासून हाकेवर.
कॉर्कच्या या बाजूला ऑगस्टातही
अंगात लोकर लागते.

फिंटनच्या हातात पेन्सिल आणि मळकी यादी.
चाळीस वर्षं त्याने नाल ठोकले.
घोडं तो तोंडावरून ओळखत नाही, खुरावरून ओळखतो.
"स्वार म्हणजे काय," तो म्हणतो, "वरचं ओझं.
उडी येते मागच्या पायांतून. बाकी सगळी टोपी."

ओनाला हे मुळीच मान्य नाही.
ओना पूर्वी टपाल वाटायची, आता नुसती मतं वाटते.
"तो बेल्जियन पोरगा बघ. मांड बघ त्याची!
खोगीर खालून काढून घेतलं
तरी त्याला घरी गेल्यावर कळेल."

लोर्कन एकोणीस वर्षांचा. त्याला वंशावळी पाठ.
बापाचा बाप, आईच्या आईचा बाप,
कोण होल्स्टाइनचा, कोण नॉर्मंडीचा,
स्वतःच्या आजोबांचं नाव मात्र
त्याला क्षणभर आठवावं लागलं.

मी पाचवा. मी फक्त टापा मोजतो.
आणि डिम्पना
अंड्याचं सँडविच खात होती. बोलत नव्हती.

मग ती तांबूस घोडी आली.
यादीत तिचं नाव एका ओळीत मावत नाही,
आधी कुठल्याशा कंपनीचं, मग काहीतरी इटालियन.
वर टूवा हेडमार्क, स्वीडनची,
पाठ अशी, की तिच्यावर भरलेला पेला ठेवावा.

पहिले सात अडथळे
घोडीने पायरी चढावी तसे घेतले.
पाण्यावरून गेली तेव्हा
ओनासुद्धा गप्प होती.
फिंटन हळूच म्हणाला, "आता बघा. आता डावीकडे ओढेल."

आणि ओढलीच.
तिहेरी अडथळ्यानंतर, शेवटच्या उंच दांड्याकडे वळताना
ती एक हात, दीड हात डावीकडे सरकली,
मी मोजत होतो, सहा टापा हव्या होत्या, साडेपाच झाल्या,
मागचा खूर लागला. दांडा डुलला,
आपण विचार करतो तेवढा वेळ डुलला,
आणि पडला.

चार गुण गेले. मग काय, तोंडं सुटली.
"स्वाराचा डावा पाय कच्चा," ओना.
"जुनी दुखापत, उजवा खांदा," फिंटन.
"तिच्या आईकडच्या सगळ्याच अशा," लोर्कन,
"रॉटरडॅमलाही तेच, जिनिव्हालाही तेच,
तज्ज्ञ आणलेत त्यांनी, यंत्रं लावून चालवतात तिला."

डिम्पनाने कागदाची घडी केली,
आणखी एक घडी केली.
"पेग," ती म्हणाली. "तिचं नाव पेग."
आम्ही वळून पाहिलं.
"माझ्या खालच्या शेतात झाली, मार्चमध्ये, पहाटे.
तिथं आडवं पडलेलं एक झाड आहे.
शिंगरू असताना खेळ म्हणून त्यावरून उडायची
आणि तशीच धावत घराकडे.
फाटक डावीकडे आहे."

फिंटनची पेन्सिल यादीवर थांबली.
कितीला विकली, हे कुणी विचारलं नाही.
तिने मात्र सांगितलं: "सहा हजार. छप्पर गळत होतं."

मैदानात टूवा घोडीची मान थोपटत होती.
घोडीचे कान पुढे, मग मागे, मग पुढे.
आमच्याकडे तिने पाहिलं असं मी म्हणणार नाही.
बाहेरची वाट उजवीकडे होती, ती तिकडून गेली.

"ते फाटक अजून आहे?" लोर्कनने विचारलं.
"आहे की. आता तिथून गाई जातात."

पुढचा घोडा आत आला, करडा, नाकपुड्या फुगवत.
ओना म्हणाली, याची मांड बघा,
आणि कुणीच काही म्हणालं नाही,
म्हणून तिनेच पुन्हा म्हटलं,
जरा हळू.