चष्मा घरी राहिला

भांडीबाजारात माझं टेबल आहे.
टेबल म्हणजे दुकानाच्या पायरीवरचं एक फळकूट,
एक वायर, एक मशीन, एक दिवा.
पातेली, डबे, ताटं, तांब्याचे हंडे,
लोक चिठ्ठीवर नाव लिहून देतात,
मी ते धातूवर टिंबाटिंबांनी उतरवतो.
सव्वीस वर्षं.
अजून कुणाला कळलेलं नाही
की मी नाव वाचत नाही. काढतो.
जसा कुणी मोर काढावा, कुणी कोयरी.

मागे ढिकल्यांच्या लग्नाची चाळीस ताटं आली.
चाळीस वेळा ढ.
हात हलला नाही,
पण पाठ खाजली.
तिथेच होता तो, शेवाळे गुरुजींनी खडूने काढलेला,
चौथीत, निळ्या सदऱ्यावर,
आणि मधल्या सुट्टीत सगळी शाळा मला वाचून गेली.
मला एकट्याला तो वाचता आला नाही.
त्या दिवशी तरी कारण होतं, तो पाठीवर होता.
आई म्हणाली, काय गिरगोट काढून आणलास रे.
तिलाही अक्षर नव्हतं. तिने साबण लावला,
गेला.
सदऱ्यावरून.

डोळे माझे ठणठणीत आहेत.
घाटावर उभा राहून
पलीकडच्या कळसावरची कबुतरं मोजून दाखवतो.
तरी मेन रोडवरून एक चष्मा घेतला, बिननंबरी,
घरी ठेवायला.
बँकेत म्हणायचं, चष्मा घरी राहिला, जरा भरून देता का?
विसरायलाही काहीतरी असावं लागतं.

लग्नानंतर सातव्या महिन्यात
प्रमिलाने पेपरातली बातमी पुढे केली. मी हसलो.
बातमी निफाडजवळ बस उलटल्याची होती.
तिने पेपर घडी केला, चहा ओतला.
तेव्हापासून लाईटबिल ती मोठ्याने वाचते,
आपलं आपल्याशीच वाचल्यासारखं.

आता क्षितिजा. तिसरीत आहे.
वहीत घ चा ध, भ चा म.
बदक लिहायला सांगितलं की दबक लिहिते,
आणि दबकते.
बाई म्हणाल्या, सिव्हिलला तपासून घ्या,
दाखला मिळतो, पेपरला वेळ वाढवून मिळतो.
सासूबाई म्हणाल्या, कागद करू नका.
कागद पोरीच्या आधी स्थळाच्या घरी पोचतो.
मेहुणा म्हणाला, क्लास लावा.
वरच्या मजल्यावरचे म्हणाले, दोन ठेवून द्या, येईल ठिकाणावर.
मी काहीच म्हणालो नाही.
ज्या वयापासून मी काही म्हणत नाही
त्या वयाची ती आता होत आली.

त्र्यंबक रोडला, सिव्हिलमध्ये, सकाळी साडेनऊ.
खिडकीतून फॉर्म आला.
हात सवयीने वरच्या खिशाकडे गेला,
तोंड उघडलं,
आणि पाहिलं तर क्षितिजाचे ओठ हलत होते.
तिला ते वाक्य पाठ होतं.
माझ्या आधी, आवाज न करता,
ती ते म्हणत होती.

मी म्हणालो, मला वाचता येत नाही.

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
एका बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
छत जागेवर होतं.
क्लार्क म्हणाला, मग सांगा नाव, मी लिहितो. पेशंटचं.
क्षितिजा.
त्याने लिहिलं. मी बघत होतो.
हे नाव मी बारशाच्या वाटीवर काढलंय,
त्याआधी भंगारातल्या पत्र्यावर अकरा वेळा,
रात्री दुकान बंद झाल्यावर.
त्याची काठी न् काठी मला ठाऊक.
साहेब, म्हणालो,
ती दुसरी काठी पलीकडे गेलीय.
अलीकडून येते ती.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला.
कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग परत कागदाकडे.
खोडलं.