इथून दिल्लीपर्यंत

काट्यावर एकवीस किलो चारशे.
चालतात पंधरा.
"पुढची कंपनी तेवीस घेते," बाई म्हणाल्या
आणि दोन्ही तिकिटं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली,
सोयरीक जुळवायला बसवल्यासारखी.

जुळण्यातली नव्हती.
तिकिटं वेगळी काढलेली, कंपन्या वेगळ्या,
एक दुसरीला ओळखही दाखवत नाही.
म्हणालो, मावशी, बॅग माझ्याकडून दिल्लीपर्यंतच.
तिथं पट्ट्यावरून तुम्ही उचलायची.
मग बाहेर. बाहेर म्हणजे अगदी बाहेर,
टॅक्सीवाले हाका मारतात तिथं.
शटलची बस. दुसरं टर्मिनल. उतरलं की वर जायचं, खाली नाही.
पुन्हा रांग, पुन्हा काटा, नवा टॅग.
मधे साडेपाच तास आहेत.
हे विमान वेळेत गेलं तर.

किराणाच्या यादीमागे त्या लिहून घेत होत्या,
"अगदी बाहेर" हेसुद्धा.
"आणि फ्रँकफर्टला?"
ते दिल्लीच्या काउंटरला विचारा, म्हणालो,
रोज जाऊन येतो अशा थाटात.
मी जानोरीचा. कुंपणापलीकडे आमचा गोठा.
दिल्ली मी टॅगवरच पाहिलेली,
तीन अक्षरी, दिवसातून ऐंशीदा.

बॅग उघडली.
नागलीचे पापड, मनुका, काळा मसाला तीन पिशव्यांत,
कॅनडाला न्यायला लोकरीचे मोजे,
आणि मधोमध जुन्या पातळात गुंडाळलेला
पितळी खलबत्ता.
खल एकटा पाच किलोंचा.
सोडायला कोणी आलेलं नव्हतं.
नाशिकरोडहून आणलेली गाडी
एव्हाना दहाव्या मैलाच्याही पुढे.
"बत्ता राहू द्या," त्या म्हणाल्या,
"तिथं कशातही कुटता येईल."
सोळा-चारशे.
वरच्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

टॅग गुंडाळतोय, तर "थांबा."
चष्मा लावला. टॅगवरचे दहा आकडे, मग पावतीवरचे,
बोट ठेवून, ओठ न हलवता.
"प्रेसमध्ये होते. सत्तावीस वर्षं नोटांचे नंबर तपासले.
नोटा सरकारच्या, डोळे आमचे."
मग हँडलच्या आतल्या अंगाला बोट नेलं.
"हा दुसरा कसला?"

सुरळी होऊन चिकटलेला जुना टॅग.
माझ्या नजरेतून सुटला होता.
मशीननं तोच वाचला असता तर बॅग कुठे गेली असती
देव जाणे, आणि देवाकडेही स्क्रीन नाही.
गांगुर्डे, ऋतुजा. मुंबईहून. सहा वर्षांपूर्वीचा.
"तिची थेट गेली होती," बाई म्हणाल्या.
मी कात्री घातली. केराच्या डब्याकडे हात गेला,
तर त्यांचा तळवा आडवा पुढे.
चष्म्याच्या घरात बसेल एवढी घडी घातली त्याची.

रात्री घरी निघताना नंबर टाकून पाहिला.
बॅग दिल्लीत उतरली, आठ पन्नास.
त्याच्यापुढे काही नाही.
दुसऱ्या कंपनीचा पट्टा माझ्या स्क्रीनवर फिरत नाही,
ना ती बस, ना वरची रांग,
ना बत्ता हातात धरून विचारणारा शिपाई.

खल काउंटरखाली आहे.
त्यात सुट्या पिना पडतात, एखादं तुटकं कुलूप.
सापडलेल्या वस्तूंच्या कपाटात टाक, साहेब म्हणाले.
पण तो सापडलेला नाही, साहेब,
तो ठेवलेला आहे.
टॅग लावलाय त्याला. नाव गांगुर्डे, पुष्पलता.
मुक्काम ओझर.
ऑक्टोबरात येतील, पुन्हा दोन कंपन्यांनी.

परवा दिल्लीहून आलेल्या एका वैमानिकाला गाठलं.
साहेब, शटलमधून उतरल्यावर
वर जायचं की खाली?
त्याला वाटलं मी निघालोय.
"वर," म्हणाला.
मग मी डबा उघडला.