कुसळ

वावधन आलं तेव्हा मी ढोरं घेऊन खालच्या नाल्यात होतो.
चार-पाच मिनिटं, बस.
वर आलो तर गायरान ओळखू येईना.
साग कमरेत मोडलेले, सालई आडव्या,
आणि ज्या मोहाखाली तेवीस वर्षं
माझी भाकर सुटली
तो मुळं वर करून पडलेला.
खाली डोब. डोबात पिवळी माती,
गावात कुणीच कधी न पाहिलेली.

ढोरं थबकली.
एवढं ऊन पाहून त्यांना वाटलं असेल,
ढोरक्यानं दुसऱ्याच गावात आणलं.

मग फॉरेस्टवाले आले, बुंध्यांवर आकडे ठोकले,
आर्वीच्या ठेकेदाराचे ट्रक महिनाभर गेले,
मागे राहिला चाळीस एकर उजेड.

"उजेडात आधी गाजरगवत शिरते,"
सुगंधा आवथळे ग्रामसभेत म्हणाली,
"त्याच्या पयले आपून शिरू. गवत पेरू."
माणसं हसली. मीही हसलो.
"गवत काय पेरा लागते, वं बाई? गवत तं देव पेरते."
"देवाचं बी," ती म्हणाली,
"फुलोऱ्यावर याच्या आधीच तुमच्या म्हशी खाऊन रायल्या."

कार्तिकात बिसन उईके आम्हाला घेऊन गेला
टेकडीच्या त्या कड्यावर, जिथं शेळीसुद्धा चढत नाही.
शाळेनं त्याला तिसरीतच सोडलं,
पण सतरा गवतं त्याला नावानं ओळखतात:
पवन्या, मारवेल, शेडा, मुशान,
तिखाडी, चुरगाळली की दिवसभर बोटांना वास,
आणि कुसळी,
जिचं नाव काढलं तरी माझ्या पोटऱ्या खाजतात.

बी कसलं, भुसाच तो.
मूठ मिटली तर हातात काही नाही,
उघडली तर वाऱ्याचं.
"टाकायचं आता?" मी विचारलं.
"थांब ना गड्या. यंदाचं बी यंदा उठत नाही.
त्याले वर्षभर निजू दे."

तेवीस वर्षं गवतामागे फिरलो,
गवत निजतं हे मला माहीत नव्हतं.

सुगंधाच्या माळ्यावर, कापसाच्या बोऱ्यात,
कडुलिंबाचा पाला घालून ते निजलं.
पुढच्या जेठात उठवलं:
शेण, रेती, वारुळाची माती, सगळं एकत्र,
बायांनी ओंजळीनं फेकलं
आणि मागून बोराटीची फांदी ओढली, नुसती खरवडल्यासारखी.
खोल नको, बिसन ओरडत होता, हा काही हरभरा नोहे.

माझं काम एवढंच:
ज्या काठीनं ढोरं आत घातली, तिनंच बाहेर ठेवायची.
चांदी गाय धुऱ्यावर उभी राहून माझ्याकडे पाहायची.
बोलता आलं असतं तिला
तर मी काठी टाकून घरी गेलो असतो.

त्या साली उगवला तरोटा.
चाळीस एकर तरोटा!
"भाजी तं झाली," लोक म्हणाले,
आणि सुगंधा दोन महिने
पाणी भरायला मागच्या वाटेनं गेली.

पण पोळ्याच्या सुमाराला
त्या मागच्या वाटेवरच तिला दिसलं
हिरवं, बारीक, पट्ट्यानं आलेलं,
टेकडीपासून थेट तिच्या उंबऱ्यापर्यंत.
कुणी पेरलं नव्हतं.
कार्तिकात त्या वाटेनं परतताना
आम्ही जागोजागी टेकलो होतो,
लुगड्यातली, धोतरातली कुसळं
शिव्या देत उपटून फेकली होती.
कुसळ भिजलं की पीळ सोडतं,
वाळलं की पुन्हा वळतं,
असं वळवळत एकटंच मातीत शिरतं.
त्याला ना आमची ओंजळ लागली, ना ग्रामसभा.

औंदा तिसरं साल. पेरलेलंही आलं,
सगळीकडे नाही. मुरमाड तुकडा अजून उघडाच.
विळ्यानं कापायची परवानगी आहे, चारायची नाही.
मी चांदीला भारा नेऊन टाकतो,
ती आधी माझं धोतर हुंगते.

मोहाच्या डोबात काहीच उगवलं नाही.
दुपारची शिदोरी मी तिथंच सोडतो.
सावली नाही.
पण चहूकडून गवत कमरेएवढं आहे,
खाली बसलं की
ऊन फक्त डोक्याला लागतं.