बाहेरचं पेय

बेलापूरच्या जेट्टीवर मी पिशव्या तपासते,
शनिवार-रविवार, चार ते नऊ.
टेबल प्लास्टिकचं, एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या तिकीटबुकाची घडी.
पाठीमागे पाटी: बाहेरचं पेय आत नेण्यास मनाई.

बोटीवर वरच्या मजल्यावर एक बाटली एकशेवीसला.
तीच बाटली रस्त्यापलीकडच्या टपरीवर चाळीसला.
मधल्या ऐंशी रुपयांवर
माझी खुर्ची ठेवलेली आहे.

लोक काय काय करतात.
बाळाच्या दुधाच्या बाटलीत काळं काहीतरी फेसाळत असतं.
थर्मास उघडून हुंगला तर लिंबू सोडा,
आणि बाई म्हणते, चहाच तो, गार झालाय.
भर मे महिन्यात एक पोरगा जॅकेट घालून आला,
बरगड्यांशी दोन कॅन,
थंडीनं शहारत होता बिचारा.
मी सगळं बघते.
त्यातलं थोडं बघत नाही.

जप्त माल टेबलाखाली रांगेत.
परतताना घेऊन जा, म्हणते मी.
परतताना कोण घेतं? कोमट, गॅस गेलेलं.

माझे बाबा दिवाळ्याहून याच पाण्यावर जायचे.
होडीत निळा कॅन, वीस लिटरचा,
आई झाकणावर फडकं घट्ट बांधून द्यायची.
खाडीनं कधी विचारलं नाही
कॅनमधलं पाणी कुठल्या नळाचं.

त्या रविवारी खवणेकर आले.
ठाण्याहून, कोपरीचे. सोबत सून, नात, नातीच्या तीन मैत्रिणी,
आणि कापडी पिशवीत दोन लिटरची नारंगी बाटली,
ओल्या टॉवेलात गुंडाळलेली,
जशी आजारी माणसाची मान सांभाळावी तशी हातात.
म्हटलं, काका, आत नाही चालणार.
इथे ठेवा, नाहीतर इथेच प्या.
सून पुटपुटली, सांगत होते मी तुम्हाला.
काका म्हणाले, इथेच पितो.

आणि खरंच बसले, माझ्या टेबलाच्या कडेला.
झाकण एकदम नाही फिरवलं.
पाव आटा. थांबले. ऐकलं.
पुन्हा पाव.
एक थेंब उडाला नाही.
मग पिशवीतून कागदी पेल्यांची चळत काढली
आणि पोरींना दिलं, सुनेला दिलं,
मागच्या पनवेलच्या जोडप्याला दिलं,
तिकीटवाल्या हुसेनला दिलं.
बोटीचा भोंगा वाजला. रांग हलेना.
वरून मॅनेजर वाकून बघत होता,
त्याचं गिऱ्हाईक खालीच गार होत होतं.

मला पेला देताना म्हणाले,
मीपण तपासनीस होतो, वागळे इस्टेटला, बावीस वर्षं.
पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे पांढरा दिवा.
मिनिटाला शंभराच्या वर.
केस, माशी, काचेचा कण. दिसला की उचलायची.
वीस मिनिटांनी माणूस बदलायचे,
कारण त्यानंतर डोळ्यांना
सगळंच स्वच्छ दिसायला लागतं.
तुला बदलतात का गं कुणी?

मी म्हटलं, नऊ वाजता.

ते हसले. पेला संपवला.
पिशवी उलटी करून दाखवली, न मागता,
टॉवेल, चष्म्याचं घर, नातीचा स्वेटर.
आणि फळीवरून आत गेले,
एका हातानं कठडा धरून, जरा जपून.

बोट सुटली. वर गाणी लागली.
ओहोटीचा वास आला, रोजचाच.
टेबलावर रिकामी बाटली होती, तळाशी नारंगी चकती.
मी ती उचलून ट्यूबलाइटसमोर धरली,
तिरकी, मग सरळ, मग फिरवून.
किती वेळ, माहीत नाही.
वीस मिनिटं नक्की नव्हती.

सुपरवायझर आला. म्हणाला,
ही वहीत का नाही लिहिलेली?
म्हटलं, साहेब, हिच्यात काही नाही.