चेंबर नंबर चार

तासगावात सौदा नसतो त्या दिवशी
बेदाण्याचा हॉल रिकामा असतो, म्हणून मिळाला.
भाडं नको, झाडून द्या म्हणाले.
तुलबहादुर पुन यानं स्वतःच झाडला
आणि भिंतीला खिळे नकोत म्हणून
पंधरा किलोच्या खोक्यांची एकेक बाजू
सुतळीनं दोरीवर बांधली.

बत्तीस चित्रं.
माझ्या वहीत ती 'फुटकी खोकी, नग बत्तीस' अशी आहेत.
मीच बाद केली, टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात.
काय बाद करतोय, पत्ता नव्हता.

रंग म्हणाल तर
मार्का मारायची निळी शाई, चुना, गेरू,
जनरेटरच्या नळीतली काजळी,
आणि पिवळ्याला हळद. ती उन्हानं उडते,
म्हणून खिडक्यांना पोती.
त्या अंधारात माणसं डोळे बारीक करून
चित्र बघतात.

एका अडत्यानं सवयीनं
कोपरा चिमटीत धरून वाकवला, वास घेतला,
"माल जुना आहे," म्हणाला, "पण धरून आहे."

सतरा वर्षं हा आमच्या कोल्ड स्टोरेजच्या गेटवर.
आम्ही बहादूरच म्हणायचो,
त्याच्या आधीच्यालाही, त्याच्याही आधीच्याला.
आडनाव मला निमंत्रण छापताना कळलं.
"पुन म्हणजे, पुन्हामधलं पुन?"
"हो," म्हणाला, "हा तेवढा काढा."

तेव्हा मालक कोल्हापूरला अडकलेले, मी घरात,
नेपाळची हद्द बंद,
आत अकराशे टन माल आणि राखायला तो एकटा.
रोज रात्री नऊला मी फोन करायचो,
तापमान किती?
चार, म्हणायचा.
जेवलास का, असंही कधी विचारलं असेन.
आधी तापमान.

एकदा म्हटलं, चार नंबरच्या कॉइलवर बर्फ साठलाय,
वितळव.
उद्या, म्हणाला. असे तीन उद्या झाले.
आज ते उद्या समोर टांगलेत:
खोक्याच्या तपकिरीवर चुन्याचा उंच ढीग,
कडेला एक निळी रेघ,
खाली पंख्याचं पातं.
मी चिठ्ठी चिकटवली, 'चेंबर नं. ४'.
पाठीमागे त्याच्या अक्षरात होतं
'धौलागिरी, घरबाट'.
घरवाट, मी वाचलं. म्हटलं, छान, घराची वाट.
तो हसला. बाट म्हणजे पासून.
घरापासून असा दिसतो.

एकविसाव्या चित्राला मात्र मी चिठ्ठी लावली नाही.
सगळी काजळी. रस्ताही नीट नाही.
उजवीकडे गेरूचा एक ठिपका, लांब जाणारा,
आणि डावीकडे, गेटच्या खांबाजवळ,
कपाळाशी नेलेला हात.
तारीख आहे. वेळही आहे, गेटच्या रजिस्टरसारखी:
रात्री दोन दहा, मिरजेकडे, एक.

आमच्या जालिंदरला त्या रात्री नेलं.
मी दारापर्यंत गेलो, पुढं येऊ दिलं नाही.
नंतर नगरपालिकेची चार माणसं होती म्हणतात,
प्लास्टिकमधली.
आमच्यातलं कुणी नव्हतं.

मी तुलबहादुरला हे कधी सांगितलं नव्हतं.
आत कोण आहे, हे त्याला कुठून कळणार?
विचारलं तर म्हणाला,
सगळ्यांनाच करायचो, साहेब,
कुणीतरी गेटवरून जातंय म्हटल्यावर.

अडत्या परत आला. "हे काय दर?"
"तो नग बाद आहे," मी म्हणालो,
"हिशेबात नाही."
त्यानं वाद घातला नाही. दुसरी दोन घेतली,
पैसे पुढच्या सौद्याला देतो म्हणाला.

सहाला हॉल परत केला.
चित्रं एकावर एक रचली तर
पुन्हा खोकीच दिसायला लागली.
एकवीस नंबर मी काखेत धरून घरी आणलं,
अजून भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

रात्री नऊला फोन केला.
म्हटलं, तुलबहादुर, जेवलास का?
बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर ऐकू येत होता.
मग तो म्हणाला,
चार.