शेजारचा कुत्रा

सप्टेंबरात अख्ख्या अल्बुकर्कीला
भाजत्या मिरचीचा वास येतो. आमच्या खोलीला
खिडकी नाही. मी, ओरेलिया बाका,
रात्री दहा ते सहा कानाला यंत्र लावून बसते
आणि शहर मला जनावरं सांगतं.

गाड्या धुण्याच्या जागेत शिरलेलं डुक्कर.
छतावर मोर; कुणाचा, ते मोरालाच ठाऊक.
कोयोटी ओरडतोय की कुत्रा, हे विचारायला
फोन दाराबाहेर धरणारा म्हातारा: "ऐका. ऐका ना."
मी ऐकते. नेमकं तेव्हाच ते जे काही असतं, ते गप्प बसतं.

फॉर्मला सतरा रकाने.
रंग. आकार. गळ्यात पट्टा. अंगावर येतो का.
सावली आहे का, पाणी आहे का, साखळी किती फूट.
तुमचं नाव, नाही सांगितलं तरी चालेल.

दोन वाजून अकरा मिनिटांनी एक मुलगा.
आवाज फुटायला अजून वर्ष तरी असेल.
कुजबुजला, शेजारच्या कुत्र्याची तक्रार द्यायचीय.

तपकिरी. एक कान पडलेला.
साखळी नाही, निळी दोरी. दिवसा अंगणात, रात्री आत.
पाणी असतं, पण दुपारी तापतं, मग तो पीत नाही.
"मारतात?"
"बुटानं. दारू प्यायल्यावर नाही. दारू संपल्यावर."
हा फरक सतरापैकी कुठे लिहू?

"नाव काय त्याचं?"
"पिन्यॉन."
म्हणजे आमच्या डोंगरातलं, नखाएवढं बी.
दातांनी जपून फोडावं लागतं.

मग न विचारता तो बोलतच सुटला,
की पिन्यॉन आधी भिंतीला पाठ लावतो, मगच झोपतो,
की रात्री फाटक वाजलं की तोंडातला घास टाकून
गरम पाण्याच्या टाकीमागे शिरतो.
तिथे दोघांपुरती जागा आहे.

दोघांपुरती.

शेजारच्या कुत्र्याचं एवढं कुणाला माहीत असतं?
मला माझ्या शेजाऱ्याचं आडनावसुद्धा येत नाही.

"पत्ता?" त्यानं सांगितला.
"आणि तू कुठून बोलतोयस?"
बराच वेळ नुसती पाण्याची सूं सूं.
मग, "शेजारून."

शिकवलं होतं आम्हाला, एका शनिवारी:
जनावर मार खातं त्या घरात आणखी कोण राहतं, ते विचारा.
कसं विचारायचं, तिथवर जायच्या आत
जेवणाची सुट्टी झाली होती.

"त्या घरात कुणी मूल आहे?"
"आहे एक."
"लागलंय त्याला?"
"आत्ता नाही."
'आत्ता'वर त्यानं जरा थांबून पाय ठेवला,
डबकं किती खोल आहे ते बघावं तसा.

टॅफोया नदीपलीकडे होता, एका सापाच्या तक्रारीवर.
साप म्हणजे बागेची नळी निघाली होती.
म्हटलं, सोड ती नळी. एकटा जाऊ नकोस, पोलीस घे.
मुलांच्या खात्यात रात्री फोन उचलणारी एक बाई आहे,
तिला मी उठवते.
"एका कुत्र्यासाठी?"
"कुत्र्यासाठी," मी म्हटलं. मुलगा दुसऱ्या कानात होता.

"पिन्यॉनला बघायला माणसं येतायत.
तोवर बोलत राहशील?"
"शेजारूनच?"
"शेजारूनच."

शेवटचा रकाना: तक्रारदाराचं प्राण्याशी नातं.
मी लिहिलं, शेजारी.
खोटं नव्हतं ते. अगदी अंगाला अंग लागून.

काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून
त्यानं मला कुत्र्याच्या मिशा मोजून दाखवल्या.
अंधारात, बोटांनी. डावीकडे एकोणीस.
उजवीकडे आठ, नऊ,
आणि फाटक वाजलं.

फाटकाच्या आवाजावरून माणूस मला ओळखता येत नाही.
त्याला येतो.

मी थांबले. सूं सूं. कुणाचा तरी श्वास,
कुत्र्याचा असेल.

"हे," तो म्हणाला, "ओळखीचं नाही."